पलंगावर कुरडया, गाडीत आम्ही

आमच्या मागच्याच गल्लीत नवीन राहायला आलेलं एक तरुण जोडपं परवा घरी आलं होतं. दोघंही पुण्याचे, दोघंही संगणकावर काम करणारे. त्यांना इथं कुवेतमध्ये थंडीत वाळवंटात राहायला जायचंय आणि त्यासाठी गाडीच्या मागं ओढत न्यायचा छोटा ट्रेलर घ्यायचाय. मधलं खोकं पक्कं, आणि पुढची-मागची भिंत खाली पाडली की तिचा पलंग होतो, पलंगावर कापडी तंबू उभा राहतो, तसला. आमच्याकडं कित्येक वर्षं होता तसला.

"काका, तुम्हाला खूप अनुभव आहे म्हणे. काही टिप्स द्या ना."

मला कुणी अनुभवी म्हटलं की बायको उठून स्वयंपाकघरात जाते. चहा टाकायला जाते असं तिचं म्हणणं. मी कपबश्यांच्या आवाजातून हसणं ओळखतो.

मी सुरुवात तर झोकात केली. म्हटलं, पहिली गोष्ट म्हणजे ट्रेलर मागं घ्यायला शिका. पुढं कुणीही जातं. मागं घेताना ट्रेलरची शेपटी डावीकडं जायला हवी असेल तर स्टिअरिंग उजवीकडं फिरवायचं, आणि हे लक्षात ठेवायला सोपं आहे, फक्त त्या क्षणी लक्षात राहत नाही. दुसरं, बायकोला मागं उभं करून "सांग" म्हणू नका. माझी बायको लातूरकडची. ती ट्रेलरच्या मागं उभी राहून दोन्ही हात हलवत "इकडं घ्या, इकडं" म्हणायची, आणि ते इकडं म्हणजे कुठलं हे आरशात कधीच कळायचं नाही.

"मी म्हणायले इकडं, तुम्ही जायलाव तिकडं!"

"अगं, डावं-उजवं सांग की!"

"कुणाचं डावं? तुमचं का माझं?"

मुलगी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षांत होती. ती खिडकीची काच वर करून कानात गाणी घालायची आणि म्हणायची, "बाबा, प्लीज, पीपल आर वॉचिंग." लोक बघत होते हे खरं. आजूबाजूचे कुवेती लोक आपापल्या प्रशस्त तंबूंसमोर गालिचे टाकून चहा पीत बसलेले असायचे आणि आमचं येणं हा त्यांचा संध्याकाळचा कार्यक्रम असायचा.

तिसरी गोष्ट लिंबाची. ट्रेलर सपाट उभा आहे की नाही हे बघायचं यंत्र मिळतं, मी ते घेतलंही होतं, पण ते पहिल्याच सहलीत वाळूत गडप झालं. मग बायकोनं ट्रेलरच्या आतल्या जमिनीवर लिंबू ठेवलं. लिंबू घरंगळत दाराबाहेर गेलं तर दाराच्या बाजूच्या चाकाखाली फळी घाला. लिंबू जागच्या जागी राहिलं की समजा रात्री आपणही राहणार. कोपऱ्यांवरचे पाय हे नुसते टेकू असतात, त्यांच्यावर ट्रेलर उचलायचा नाही. हेही मला कसं कळलं ते विचारू नका.

आणि वाऱ्याकडं पाठ. इथला मोठा वारा वायव्येकडून येतो, त्या बाजूला ट्रेलरची लांब, पक्की बाजू ठेवायची. पलंग त्या दिशेला उघडायचे नाहीत. तंबूच्या कापडाची चेन तुटली असेल तर निघण्याआधी दुरुस्त करायची.

इथं मी थांबलो. कारण या शेवटच्या दोन टिपांपाशी आलो की मला ती सहल आठवते, आणि मग टिपा राहतात बाजूला.

माझ्या सासूबाई लातूरजवळच्या एका तालुक्याच्या गावी असतात. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात तिकडून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून आमच्यासाठी एक पत्र्याचा डबा यायचा. त्यात गव्हाच्या चिकाच्या कुरडया. डबा येईपर्यंत वाटेत निम्म्यांचा चुरा झालेला असायचा, पण तळल्या की चुराही असा फुलायचा, की मुलगी त्याला स्नो म्हणायची. बायकोनं इतक्या वर्षांत स्वतः कधी कुरडई घातली नव्हती. माहेरी होती तेव्हा तिचं काम गहू वाटायचं आणि वाळवण राखायचं. चिकाच्या पातेल्यापाशी सासूबाई कुणाला येऊ द्यायच्या नाहीत. "तुझ्या हाताला नाही यायचं ते," असं त्यांनी एकदा म्हणून ठेवलं होतं, आणि आमच्या घरात ते वाक्य मराठी म्हणीसारखं वापरात होतं. मी ट्रेलर मागं घेताना तर हमखास.

त्या वर्षी सासूबाईंचा फोन आला. बोटं आखडली होती. सोऱ्याचा दांडा फिरवता येईना. त्या म्हणाल्या, "संपलं बग आता वाळवण. ह्यावर्षी इकतच्याच आणाव म्हणलाय तुझा भाऊ."

बायको "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मग बराच वेळ ओट्यापाशी काहीतरी पुसत राहिली. रात्री जेवताना म्हणाली, "या खेपेला डबा इकडून जाईल."

"कुठून?"

"इथून. मी घालणार कुरडया. आईनं या वर्षी विकतची खायची नाही."

मी म्हटलं, "वाळवणार कुठं?" आमचा फ्लॅट दोन इमारतींच्या फटीत. ऊन येतं ते समोरच्या काचेवरून उसनं. बाल्कनीत काही वाळत घालायला इमारतीत मनाई. गच्चीला कुलूप.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग मला कळलं की उत्तर खाली पार्किंगमध्ये उभं आहे.

गहू घरातच भिजले. रोज पाणी बदलायचं, आणि रोज वास थोडा पुढं सरकायचा: आधी स्वयंपाकघर, मग बैठक, मग लिफ्ट. इमारतीचा राखणदार, ज्याला इथं हारिस म्हणतात, तो दारावर येऊन नाक वर करून उभा राहिला. मी त्याला हिंदीत सांगितलं की गेहूं है. तो म्हणाला, "मर गया क्या?"

वाटलेला, गाळलेला चिक स्टीलच्या बादलीत घेऊन आम्ही निघालो. बादली मुलीच्या दोन पायांत. दर खड्ड्याला मागून, "मम्मी, इट्स मूव्हिंग!" आणि पुढून, "धर घट्ट! तुझ्या आज्जीचं हाय ते!"

पोचल्यावर मी जागा निवडली ती सूर्यास्ताच्या हिशेबानं. पुढचा पलंग वायव्येला उघडला, कारण त्या बाजूला मोकळं वाळवंट होतं आणि फोटो चांगला आला असता. त्या बाजूच्या कापडाची चेन आदल्या वर्षीच तुटलेली होती. मी तिला "बघू" म्हणून ठेवलेलं.

सकाळी चिकावरची निवळ ओतून बायको कामाला लागली. ट्रेलरची शेगडी बाहेरच्या बाजूनं खणासारखी ओढून काढायची असते. ती चहासाठी असते. तिच्यावर एवढं मोठं पातेलं ठेवल्यावर ती डोलायला लागली, म्हणून मी दोन्ही हातांनी पातेलं धरलं आणि बायको काठीनं घोटत राहिली. मीठ टाकताना तिचा हात थांबला. "आई किती टाकायची?" तिनं मला विचारलं. मला! मग तिनंच डोळे मिटून मूठ अर्धी केली आणि टाकली. चिक शिजून काचेसारखा झाला तेव्हा मुलीनं कानातली गाणी काढली. वाटीत गरम चिक, वर दूध-साखर. "धिस इज व्हॉट वॉज स्मेलिंग?" असं म्हणत तिनं दोनदा घेतला.

आता घालायच्या कुठं? बायकोनं दोन्ही पलंगांवरच्या गाद्या काढल्या, कापड गोळा करून खोक्याकडं सरकवलं, आणि उघड्या फळ्यांवर आपल्या जुन्या सुती साड्या अंथरल्या. कमरेइतकी उंची, चहूकडून ऊन. असं वाळवणाचं टेबल लातूर जिल्ह्यात कुणाकडं नसेल. सोऱ्यातून पांढरी वेटोळी पडत गेली आणि दोन्ही पलंग भरले. आम्ही झोपायचं कुठं, हा प्रश्न मी काढला.

"गाडीत," बायको मान वर न करता म्हणाली.

शेजारच्या तंबूतले कुवेती आजोबा काठी टेकत आले. त्यांना जुन्या व्यापारातलं थोडं हिंदी येत होतं. कुरडयांकडं वाकून बघत म्हणाले, "चिडिया का घर?"

"खाना है, बाबा. इसकी माँ के लिए."

"माँ किधर?"

"हिंदुस्तान."

त्यांनी मान डोलावली, मग काठी उचलून वायव्येकडं दाखवली. "दोपहर के बाद घुबार. बहुत मिट्टी." आणि माझ्या पुढच्या पलंगाकडं बघून, मग माझ्याकडं बघून परत गेले.

दुपारी क्षितिज मातकट झालं. घुबार म्हणजे धुळीचा लोट, तो आला की अशा ट्रेलरचा नियम एकच: पलंग मिटा, कापड आत, सगळं बंद. पण मिटायला पलंग रिकामे लागतात, आणि कुरडया वरून कोरड्या, आतून ओल्या. हात लावला तर मोडणार. मी नियम सांगितला.

बायको पलंगासमोर उभी राहिली. "मिटायचं नाही," ती म्हणाली. "कापड उभं करा."

"फाटेल."

"फाटू दे."

आम्ही कुरडयांवर तंबू उभे केले. मागचा नीट बसला. मी गाडी आणून पुढच्या पलंगाच्या वाऱ्याकडच्या बाजूला आडवी लावली (पहिल्याच प्रयत्नात, याची कुणी दखल घेतली नाही). आणि मग ती तुटकी चेन. वारा आला तसं कापडाचं तोंड उघडं पडलं आणि आत पिवळी धूळ यायला लागली. मी आत पलंगाच्या काठावर गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्याच्या कडा आवळून धरल्या. माझ्या एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला सासूबाईंच्या कुरडया.

"सोडू नका हं," बायको मागून म्हणाली.

"नाही सोडत."

"शिंक आली तरी."

"अगं, आठवण कशाला करतेस!"

तेव्हा मुलगी ओढणी तोंडाला गुंडाळून आत आली, हातात कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची पिशवी. माझ्या बोटांच्या मधल्या जागेत तिनं एकेक चिमटा लावला, वरपासून खालपर्यंत. "ओके बाबा, लेट गो." मी हात काढले. कापड फडफडलं, पण उघडलं नाही. मग आम्ही तिघंही गाडीत जाऊन बसलो आणि धुळीतून आमच्या ट्रेलरकडं बघत राहिलो, कुणाच्या तरी ऑपरेशनला बाहेर बसतात तसं. बायकोचा हात मधेच माझ्या बाहीवरची धूळ झटकून जायचा.

वारा पडल्यावर तिनं आधी मागचा पलंग पाहिला. स्वच्छ. पुढच्या पलंगावर कडेच्या दोन रांगांना हळदीसारखी धूळ बसली होती. तिनं माझ्या दाढीच्या सामानातला मऊ ब्रश मागितला. मग उजेड असेपर्यंत ती एकेक कुरडई झटकत होती. "ह्या आपल्याला," ती धुळीच्या रांगा वेगळ्या करत म्हणाली, "त्या आईला." झोपलो गाडीतच. दुसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं आणि दुपारी तिनं एक कुरडई कानाशी धरून मोडली. टक्क आवाज आला. तिनं दुसरी मोडायला घेतली, मी म्हटलं, "अगं, पुरे, पाठवायच्यात ना?"

डबा गेला. ऑफिसातलं कुणीतरी हैदराबादला जात होतं, तिथून बायकोच्या भावानं नेला. त्यानंतर घरात फोन वाजला की बायको हात पुसत पळायची. आमच्या वाट्याच्या कुरडया तिनं तळल्या नाहीत, मलाही तळू दिल्या नाहीत. आईकडून कळल्याशिवाय नाही.

शेवटी फोन आला. बायकोनं तो मधे टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडून आधी नुसता कुरुमकुरुम आवाज. सासूबाई खाता खाताच बोलत होत्या.

"फुलली," त्या म्हणाल्या. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "पांढरी बी झाली. पण रेव लागायली बग दाताखाली."

बायकोचा चेहरा पडला. ज्या स्वच्छ म्हणून निवडल्या, त्यांतही वाळवंट होतंच.

"कुठं वाळू घातलतीस?"

ट्रेलर, पलंग, घुबार, चिमटे, हे सगळं फोनवरून कसं सांगणार? ती म्हणाली, "अंगणात."

"तुला कुठलं आलं माय तिथं अंगण?"

"हाय. मोठं हाय, आई. लई मोठं."

पलीकडं थोडा वेळ कुरुमकुरुम. मग सासूबाई म्हणाल्या, "मग आधी झाडून घ्यावं की. आन् पुढच्या खेपंला मीठ जरा कमी टाक."

फोन ठेवल्यावर बायको उठली आणि तिनं कढईत तेल ओतलं. आम्ही तिघांनी त्या धुळीच्या कुरडया खाल्ल्या. खरंच कचकच लागत होती. मुलगी म्हणाली, "क्रंची." मी विचारलं, "काय म्हणाल्या आई? आवडल्या का?"

"ऐकलं नाही का तुम्ही? पुढच्या खेपेला म्हणाली."

एवढं सगळं मी त्या पुण्याच्या जोडप्याला सांगून बसलो. टिपा लिहून घ्यायला उघडलेला फोन त्यांच्यातल्या मुलीनं केव्हाच बाजूला ठेवला होता. ट्रेलर आता आमच्याकडं नाही. आमची मुलगी शिकायला बाहेर गेली, माझी पाठ धरली, आणि दस्मानकडच्या एका कुटुंबानं तो नेला. लिंबाचं मी त्यांना तोंडी सांगितलं. दाढीचा ब्रश अजून बायकोकडंच आहे, मी दुसरा घेतला.

"अजून काही, काका?" मुलानं विचारलं.

म्हटलं, एक आहे. खराटा न्या. त्यांना वाटलं ट्रेलर साफ करायला. बायको आतून चहा घेऊन आली ती हसतच. पण त्या कुरडयांच्या सहलीनंतरच्या हंगामात आम्ही पोचलो तेव्हा गाडीतून पहिल्यांदा खाली उतरला तो नारळाच्या हिरांचा नवा खराटा होता. मी लिंबू शोधत होतो, मुलगी खिडकीतून "मम्मी, डोन्ट, प्लीज" म्हणत होती, शेजारचे आजोबा चहाचा पेला हातात धरून बघत होते, आणि पदर खोचून, कमरेत वाकून, बायकोनं वाळवंट झाडायला घेतलं होतं.