निळ्या गळ्यातला लाल ठिपका

वाघमारे गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळमनुरीच्या बाजारात वांगी निवडत होतो. तसाच निघालो. अर्ध्या वाटेत आठवलं, पिशवी तिथंच राहिली. त्याला आता सव्वा महिना झाला, पण मला अजून एका जागी बसवत नाही. जवळचा मित्र गेला की असं होतंच, म्हणतात लोक. होत असेल. माझं कारण वेगळं आहे, आणि ते आज सांगूनच टाकतो.

आम्ही एकाच शाळेत मास्तर. तो जीवशास्त्राचा, मी चित्रकलेचा. जिल्हा तेव्हा अजून परभणीच होता. शाळेमागच्या माळावर उन्हाळ्यात एक सरडा दिसायचा, गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडणारा. पुस्तकातल्या एकाशीही हा बराबर जुळत नाही, असं वाघमारेचं म्हणणं. बोटांखालचे खवले मोजायचा, शेपटी सुतानं मापायचा, वहीत लिहायचा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत अन् सरांची सरड्यापर्यंत, असं गाव चिडवायचं. तोही हसायचा. अडायचा फक्त रंगापाशी. लाल, काळा आणि गडद निळा त्याला सारखेच दिसत. विज्ञानाच्या मास्तराला रंग कळत नाहीत, हे शाळेत एकट्या मला ठाऊक. "रंगापुरता माझा डोळा तू, राठोड," म्हणायचा.

एका मे महिन्यात त्यानं एक नर धरला. मला पुसेगावला लग्नाला जायची घाई. भरभर चित्र काढलं, गळा निळा फासला आणि सुटलो. सरडा स्पिरिटच्या बाटलीत गेला, आठवड्यात सगळा राखाडी. बाटली पुण्याच्या एका तज्ज्ञांकडे गेली. त्यांचं पत्र आलं : निळ्यात लाल ठिपका असेल तर हा वेगळा असू शकेल, नसेल तर नेहमीचाच, जिवंतपणी रंग कोणी पाहिला होता? वाघमारे पत्र घेऊन थेट माझ्या वर्गाच्या दारात.

"लाल होतं का रे?"

मी नीट पाहिलंच नव्हतं… आणि तसं म्हणायची लाज वाटली.

"न्हाई," म्हणालो.

त्यानं तसंच कळवलं. दुसरा धरून मारायला त्याचं मन घेईना, आणि माझ्या शब्दावर त्याला शंका कधीच नव्हती. आपला साधाच निघाला, एवढंच बोलला. वही मिटली ती मिटलीच.

दोन उन्हाळ्यांनी मी एकटाच माळावरून येत होतो. दगडावर सरडा बसलेला. गळा उघडला… निळ्यात टपोरा लाल ठिपका. त्याच संध्याकाळी सांगायला त्याच्या घरी गेलो, चहा पिऊन परत आलो. पुढची कितीतरी वर्षं मी असाच चहा पिऊन परत येत राहिलो. भेकड माणूस मी.

परवा वहिनींनी वही माझ्या हातात ठेवली. "यात सगळीकडं तुमचंच नाव हाय, भाऊजी. तुमीच ठेवा." त्या पानावर माझं चित्र, शेजारी त्याचं बारीक अक्षर : 'लाल नाही. राठोड सरांनी स्वतः पाहिले.'

त्या तज्ज्ञांना पत्र लिहिलंय. काय निघायचं ते निघो. काल चित्रावर तो ठिपका दिला, जिथं होता तिथंच. वही टेबलावर वाळत ठेवली आहे. तो असता तर नाकाला लावून, उजेडाकडे धरून बघत बसला असता, आणि त्याला काही दिसलं नसतं. मग त्यानं मलाच विचारलं असतं.