दार फ्रेमबाहेर राहिलं

खोली किती मोठी आहे हे कॅमेरा सांगत नाही. तुम्ही कॅमेरा कुठं उभा केला, तेवढंच तो सांगतो. लांब उभं राहून झूम केला की मागच्या-पुढच्या वस्तू एकमेकींना चिकटतात. चार खाटा असल्या तर त्यांची अडगळ होते, दोरीवरचे ओले कपडे थेट पोरींच्या डोक्यावर लोंबल्यागत दिसतात. तीच खोली आत शिरून वाइड लेन्सनं काढा, भिंती मागं सरकतात, मधे मोकळी फरशी दिसायला लागते. दोन्ही चित्रं एकाच खोलीची, एकाच दुपारची. मी दोन्ही काढली. दोन्ही कामांमुळं मला अजून नीट झोप लागत नाही, म्हणून हे लिहून राहिले.

मी नांदेडची. विद्यार्थ्यांच्या संघटनेत आले ती पत्रकं लिहायला. पत्रकाची भाषा मला लवकर जमली. वर जाड अक्षरात एक सवाल, खाली तीन आरोप, शेवटी 'जाब विचारा!' आमच्या संघटनेचे दादा म्हणायचे, "तुझं पत्रक वाचून माणसाचा चहा थंड होतो." यापेक्षा मोठं कौतुक मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग कॉलेजच्या गेटवर एकदा पाहिलं, पोरं आमचं पत्रक घेत होती आणि त्यातच भजी गुंडाळत होती. मी दादांना म्हटलं, आता फिल्म काढू. लातूरच्या क्लासेसवर. गावोगावी पडदा लावून दाखवू. तेलाचा डाग पडायची भीती नाही.

कॅमेरा मिळाला उदगीरच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याचा. लग्नसराई संपली होती. त्याच्यासोबत मी सराईभर हिंडले होते, त्यातूनच शिकले ते शिकले. आता मलाच कुणी विचारलं तर मी सांगते: ऑटोवर ठेवू नका. खिडकीपुढं माणूस बसवलं की ऑटो कॅमेरा खिडकी सांभाळतो आणि माणूस काळं पडतं. चेहऱ्यावरचा उजेड बघून एक्स्पोजरचा आकडा हातानं बांधा, खिडकी जळाली तर जळू द्या. ट्यूबलाइट आणि ऊन दोन्ही एका फ्रेममध्ये घेऊ नका, अर्धं तोंड हिरवट आणि अर्धं निळं होतं. एक काहीतरी बंद करा. हे सगळं मला पक्कं माहीत होतं. त्यामुळंच पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं असं मला म्हणता येत नाही.

लातुरात तेव्हा चौकाचौकात पोरांचे फोटो. गुणवंतांचे, टायवाले, हसरे. कंबरेएवढ्या उंचीचे टक्के. ज्यांच्या घरांना लोक कधी नावानं ओळखत नव्हते त्यांच्या गच्चीवर मजले चढले आणि खाली पाटी लागली: मुलींसाठी राहण्याची सोय. अशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बारावीतली एक पोरगी मला भेटली. भूकंपात मोडलेल्या गावाची. तेव्हा ती एवढीशी होती, तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. आठवत होतं तिच्या आईला. घरातली दोन माणसं दगडाखाली गेली आणि आई आपल्या तान्ह्या लेकीला घेऊन दारातून बाहेर पडली, कारण तिची बाज दाराजवळ होती.

पुनर्वसनाच्या गावात त्यांना स्लॅबचं घर मिळालं. त्यात ज्वारी आणि पाहुणे राहतात. घरची माणसं शेजारी पत्र्याचं शेड टाकून त्यात झोपतात, बाज दाराशी, आणि दाराला कडी न लावता. त्या भागात हे कुणाला वेगळं वाटत नाही. पोरगी हसत सांगत होती, "आमच्याकडं चोर आला तर त्याला पण म्हणतेत, या, पण कडी लावू नका."

मी हसले नाही. माझ्या डोक्यात जाड अक्षरं छापून झाली होती. जी आई स्लॅबखाली डोळा मिटत नाही, तिनं आपली लेक तीन स्लॅबांवर चढवून चौथ्याखाली ठेवली! कशासाठी? कुणाच्या नफ्यासाठी? फिल्मची सुरुवात मला सापडली होती. आता फक्त खोली तुरुंगासारखी दिसायला पाहिजे होती.

"ताई, एक काम करशाल का?" पोरीनं विचारलं. "खोली जरा मोठी दिसंल अशी काढा ना. उजेडाची. आई वर येत नाही. रविवारी येती अन् खाली लिंबाखालीच बसती. तिला सारखं वाटतंय की मी कुठंतरी बिळात राहायलेय. परवा म्हणली, चल घरी, न्हाई व्हायचं डॉक्टर तर न्हाई. तुम्ही तिला दाखवा, म्हंजे ती गप बसंल. हे वर्ष निघालं पायजे, बास."

हाव, काढते, म्हटलं मी. आणि पहिल्यांदा माझं काम उरकलं.

बाहेरच्या बोळकांडीत लांब जाऊन उभी राहिले. खिडकीवर चादर टाकली. फक्त ट्यूब ठेवली, ती वरून पडते आणि डोळ्यांखाली खड्डे करते. कॅमेरा डोक्याच्या वर धरला. वरून पाहिलं की माणूस लहान आणि सापडल्यासारखं दिसतं. पूर्ण झूम. पोरीला म्हटलं, पुस्तकात बघ. तिनं बघितलं. तिची मैत्रीण म्हणाली, "अगं, हे काय मयताचं शूटिंग आहे का?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "हसू नका, आवाज जातोय."

मग चादर काढली. खोटं नाही सांगत, त्या खोलीला दक्षिणेची मोठी खिडकी होती आणि भरपूर उजेड होता. मी दाराच्या कोपऱ्यात पाठ टेकवून उभी राहिले, कारण वाइड लेन्सला खोलीतलं सगळ्यात लांबचं टोक तेच. कॅमेरा पोरीच्या डोळ्यांच्या उंचीला. ट्यूब बंद. उन्हाचा चौकोन फरशीवर. पोरगी आपसूक हसली. हे आईसाठी. बक्षीस द्यावं तसं मी ते काढलं. मनात म्हटलं, हे खोटं, आधीचं खरं.

रविवारी आई आली. हॉस्टेलच्या समोर रस्त्याच्या पलीकडं लिंबाच्या बुडाशी बसली. डब्यात धपाटे, फडक्यात शेंगा. मला म्हणाली, "तू ती शिनेमावाली? खा. वाळून गेलीस. शिनेमात काम करायलीस का उपास?"

मी कॅमेऱ्याचा छोटा स्क्रीन उघडून तिच्यापुढं धरला आणि उजेडातली खोली लावली. पोरगी माझ्या मागं उभी. आईनं पदर डोक्यावर ओढून स्क्रीनला सावली केली. बराच वेळ पाहिलं. लेकीला पाहिलं असेल असं मला वाटलं.

"खिडकीला गज हायेत," ती म्हणाली.

"असतातच ना मावशी, मुलींचं हॉस्टेल आहे."

"असू दे. दार कुटं हाय?"

"दार इकडं." मी कॅमेऱ्याच्या मागं हात केला.

"दिसंना की."

"मी दारातच उभी होते मावशी, म्हणून नाही आलं."

"मग फिरव की त्याला."

फिरवता येत नसतं, हे मी तिला समजावू लागले. घेतलं तेवढंच असतं. तिनं मला मधेच थांबवलं. "बरं, पोरगी म्हणली तू दुसरा बी काढलास, त्या शिनेमात असंल. त्याच्यात बगू."

तुरुंगवाल्या शॉटमध्ये पण दार नव्हतं. मी उघड्या दारातून बाहेरून घेतलं होतं. चौकट फ्रेमच्या बाहेर ठेवली होती, कारण चौकट दिसली की माणसाला सुटका दिसते आणि परिणाम कमी होतो. हे मी मुद्दाम केलं होतं. तो शॉट मी तिला दाखवला नाही. दाखवायची हिंमत झाली नाही.

"दार कसंय ते सांग," आई लेकीला म्हणाली. "कडी आतून का भाइरून?"

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. ते बघणं मला कळलं. इतके दिवस त्या जिन्यानं वर-खाली करत होते, आणि कड्या-कुलपं न बघता मी उजेड मोजत होते.

"खोलीची आतूनच हाय," पोरगी म्हणाली. "पण जिन्याला गेट हाय. रात्री काकू लावतेत."

"चावी?"

"काकूंकडं. त्या मागच्या घरात झोपतेत."

आई उठली. "जा गं," मला म्हणाली. "ते काढून आण. म्या बगते."

गेले. जिन्याच्या पायथ्याला जाळीचं सरकतं गेट, त्याच्या कडीत मुठीएवढं कुलूप लोंबत होतं, दिवसा उघडं. हॉस्टेलवाल्या काकू आल्या. "कशाला काढून राहिली ते? कुलूप पोरींच्याच भल्यासाठी आहे. उद्या काही झालं तर तुमची संघटना येणार का?" मी पत्रकातली चार वाक्यं फेकली असती. त्याऐवजी कॅमेरा धरला छातीच्या उंचीला, झूम नाही, वाइड नाही, डोळ्याला दिसतं तेवढंच. गेट, कुलूप, वर जाणारा जिना. सपाट उजेड. लग्नवाल्यानं कापून टाकला असता असा शॉट.

आईनं तो पाहिला आणि धपाट्यांचा डबा बंद केला. रस्ता ओलांडून थेट काकूंपुढं गेली, पोर्चच्या स्लॅबच्या कडेला, उन्हातच उभी राहून म्हणाली, "चावी पोरींकडं द्या."

"नियम आहे, बाई."

"नेम तुमचा. लेक माझी."

त्या संध्याकाळी पोरीची पेटी खाली आली. ती रडत होती, चिडली होती ती आईवर नाही, माझ्यावर. "तुम्हाला चांगलं काढा म्हणले होते ना? तुम्ही ते कुलूप दाखवायचंच कशाला? म्हणायचं की दार मोठं हाय!"

आईनं तिला गावी नेलं नाही, एवढं झालं. गंजगोलाई बाजाराच्या मागं एका मनियार घरात पत्र्याची खोली मिळाली. दारात बांगड्यांचं दुकान, म्हणून दार दिवसभर उघडं. त्या घरच्या चाचीनं सांगितलं, "रात को भी कुंडी नक्को लगा बेटी, मैं दहलीज पेच सोतूं." चाची उंबरठ्यावरच झोपते म्हटल्यावर आईचा जीव भांड्यात पडला. क्लास लांब पडला, मैत्रिणी सुटल्या, उजळणीला कुणी उरलं नाही. काकूंच्या गेटचं कुलूप जागच्या जागी आहे. आत बाकीच्या पोरी आहेत, आणि त्यांच्या आया लिंबाखाली बसून विचारत नाहीत.

नांदेडला दादांनी सगळं पाहिलं. तुरुंगवाल्या शॉटवर ते खुर्चीत पुढं सरकले. "हे पेटतंय!" कुलपाच्या शॉटवर म्हणाले, "हे काय? कुलूप आहे नुसतं."

"तेच आहे, दादा. पोरी रात्री आत कोंडलेल्या असतात."

"पण ते दिसत नाही त्यात. कसलं सपाट आहे."

मी भांडले. पहिला शॉट खोटा आहे, खिडकीवर चादर मी टाकली होती, हे सगळ्यांसमोर सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "मग काय झालं? पत्रकात तू काय कमी चादरी टाकल्यास?" शेवटी कुलूप फिल्ममध्ये आलं, पण खोलीही राहिली. भोकरला पडदा लावला तेव्हा लोक खोलीला हळहळले. कुलपाच्या वेळी शेंगा फोडत होते.

मागच्या आठवड्यात मी लातूरला गेले. परीक्षा तोंडावर आली आहे. पोरगी पत्र्याखाली दिवसाढवळ्या बल्ब लावून बसली होती, वही स्वतःच्या सावलीत.

"तिकडं उजेड तरी होता," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता.

होता. मीच चादर टाकून झाकला होता, आणि मीच तिला तो सोडायला लावला. माफी मागायचं तोंडाशी आलं, पण माफीनं तिची वही दिसणार नव्हती. जे येतं ते केलं. दारातून येणारा उजेड कुठं जाऊन मरतो ते पाहिलं: समोरच्या धुरकट भिंतीवर. चाचीला विचारून चुना आणला, दुपारपर्यंत ती भिंत पांढरी केली. मग पोरीची चटई दाराकडं पाठ न करता आडवी टाकली, म्हणजे एका बाजूनं दाराचा उजेड आणि दुसऱ्या बाजूनं भिंतीवरून परतणारा. सावली वहीवरून सरकली. चाची कुरकुरली, "दुकान में सफेदी उड़ाई ना सब, चूड़ियां पोंछो अब." पुसल्या.

पोरगी येऊन बसली. बल्ब बंद केला. पान उलटलं, पेन सरकवलं, पुन्हा पान मागं घेतलं.

"दुपारचं भागंल," ती म्हणाली. "संध्याकाळी काय करू?"

"संध्याकाळी बल्ब डाव्या हाताला लाव. समोर नको."

"कुठं? खिळाच न्हाई तिथं."

मी चाचीकडं हातोडी मागायला गेले.