आत्तींनी भट्टी लावली की

भाजलेल्या चीजच्या वासाने घाबरणारं खानदान अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि ते आमचं आहे. कोल्हापुरातल्या शाहूपुरीत आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आत्ती राहतात. ऐन दुपारी त्यांच्या दारातून लोणी, मोहरी आणि वितळणाऱ्या चीजचा वास जिन्याने खाली उतरायला लागला की मी हातातलं काम टाकून आधी नवऱ्याला फोन लावत असे. मग सासूबाईंना. सासूबाई त्यांच्या भावांना लावत. थोड्या वेळात कागलपासून कुरुंदवाडपर्यंतचे आमचे सगळे पै-पाहुणे एकमेकांना 'मी बरा हाय, तू?' असं विचारून मोकळे होत. बाहेरच्या माणसाला वाटावं, काय प्रेमळ माणसं आहेत! प्रेम कसलं, भीती होती ती. कारण आत्तींनी भट्टी लावली आणि दोन-तीन दिवसांत घरात गर्दी जमली नाही, असं कधीच घडलेलं नव्हतं. गर्दी कशासाठी जमणार, एवढंच आधी कळत नसे.

आत्ती म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, संजयच्या, सख्ख्या आत्या. उंच, हाडापेराने मोठ्या, केस पांढरेशुभ्र, आणि सहावारी साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज. जुन्या कोल्हापुरी बायकांच्या रीतीने स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी करतो' असंच बोलायच्या. आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावरून त्यांनी कोथिंबिरीचा भाव विचारला तर खालचा भाजीवाला न विचारताच भाव कमी करायचा. त्यांच्या दाराला दिवसा कडी नसे. सिलिंडर घेऊन आलेला माणूस, मीटर बघायला आलेला माणूस, पत्ता चुकून आलेला माणूस, सगळे त्यांचे पावणं. एकदा एक विमा विकणारा आला होता. आत्तींनी त्याला इतकं खायला घातलं की तो सोफ्यावर झोपून गेला आणि उठल्यावर विम्याचं नावही न काढता पाया पडून निघून गेला.

यजमान गेल्यावर आत्ती काही महिने अमेरिकेत लेकीकडे राहिल्या. तिथल्या शेजारणीने त्यांना तो पदार्थ शिकवला. तिच्या घरी मॅच बघायला माणसं जमली की ती हे ट्रे भरभरून करायची. त्याला स्लायडर म्हणतात. आत्ती 'सलाइडर' म्हणत, आणि आमचे चुलत सासरे, दाजी, 'सलाइन'. पण कोल्हापुरात परत आल्यावर आत्तींनी त्याचा जो अवतार केला तो त्या शेजारणीने ओळखला नसता. बेकरीतून अख्ख्या लाद्या आणायच्या. पाव सुटे करायचे नाहीत. लांब सुरी आडवी घालून सगळी लादी एकदम मधून चिरायची, म्हणजे खालचा तळ एक आणि वरचं झाकण एक. तळावर हॅमच्या चकत्या, त्यावर चीज, मग झाकण. वरून पातळ लोण्यात मोहरीची पूड, मध आणि आपली कांदालसूण चटणी कालवून ब्रशने सारवायचं, खसखस भुरभुरायची, फॉइल लावून भट्टीत. शेवटी फॉइल काढून पाठ तांबूस होऊ द्यायची. आणि कापायचं केव्हा? माणूस दारात आल्यावर. "आधी कापलं की पाव वाळतोय. आणि पावण्याला कळतंय, आपली वाट कुणी बघितली न्हाय ते."

हॅम गोव्याहून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकरवी थर्माकोलच्या खोक्यात यायचं. त्यावरून घरात पहिल्यांदा मोठा वाद झाला. आमचे चुलत सासरे त्यांच्या आजोबांच्या काळातल्या रानडुकराच्या गोष्टी सांगताना ओठ चाटतात, पण हॅम म्हणजे डुकराचं मांस हे कळल्यावर उठूनच उभे राहिले. आत्ती शांतपणे म्हणाल्या, "दाजी, ते रानातलं अडाणी. हे शिकलेलं हाय. खावा." दाजींनी एक खाल्ला, मग अजून काही खाल्ले, आणि त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. खालच्या मजल्यावरच्या जैन काकूंसाठी मात्र सगळंच वेगळं: ट्रे वेगळा, सुरी वेगळी, ब्रश वेगळा, फक्त चीज, ना कांदा ना लसूण. तो ट्रे घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये भाजला जायचा. बाकीच्यांसाठी संजयने शिरोली एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून पत्र्याचा कपाटाएवढा गॅसचा ओव्हन वेल्डिंग करून आणला होता. तीच ती भट्टी.

आता हातांबद्दल सांगते. पहिल्यांदा ते माझ्या लक्षात आलं एका साध्यासुध्या दिवशी. सण नाही, वाढदिवस नाही. मी साखर मागायला वर गेले तर ओट्यावर लाद्यांची चळत आणि आत्ती चिरत उभ्या. एरवी अखंड बोलणारी ही बाई अवाक्षर बोलत नव्हती. मी "आत्ती" म्हणून हाक मारली, दोनदा मारली. त्या समोरच्या फरशीच्या भिंतीकडे बघत होत्या आणि खाली हात आपले आपण चालले होते. सुरी एकदाही वाकडी गेली नाही. मी त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्या दचकल्या, लाद्यांकडे बघितलं, आणि मला विचारलं, "हे किती काढलंय गं मी?" संध्याकाळी नणंदेच्या मुलीला बघायला पाहुणे न कळवता आले, जागच्या जागी लग्न ठरलं, आणि सगळ्यांना पोटभर पुरलं. आम्ही हसलो. योगायोग म्हणालो.

मग पुराच्या आदल्या दिवशी कडक ऊन पडलेलं असताना त्यांनी दिवसभर भट्टी लावली. नदी शांत होती. दुसऱ्या दिवशी पंचगंगा रस्त्यावर आली आणि नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं गाठोडी घेऊन आमच्या जिन्यात बसली. आत्ती पायरीपायरीवर थांबून कागदातून गरम पाव देत होत्या आणि एका रडणाऱ्या आजोबांना मोठ्यानं सांगत होत्या, "पावणं, आधी खावा. मग रडा. मी बसतो की सोबतीला." त्यानंतर योगायोग हा शब्द कुणी उच्चारला नाही. एकदा भट्टी लागली आणि तिसऱ्याच दिवशी संजयच्या मावशींचं मयत झालं, तेव्हापासून तर वास आल्याचा फोन गेला की दाजी अंथरुणावर आडवे होऊन देवाचं नाव घ्यायला लागत. एकदा त्यांनी घाबऱ्या आवाजात आत्तींना फोन केला, "माझ्यासाठी न्हाय न्हवं?" आत्ती म्हणाल्या, "तुमच्यासाठी एवढी माणसं कोण जमणार हाईत दाजी? निजा गप."

पण ती एक दुपार आठवली की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

वास आला तेव्हा मी फोनाफोनी केली. सगळे ठीक होते. फक्त संजय फोन उचलत नव्हता. तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. आत भट्ट्यांच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी वर धावले. पहिला ट्रे भट्टीत होता आणि आत्ती पुढच्या लाद्यांना लोणी लावत होत्या. ब्रश एका लयीत डावीकडून उजवीकडे जात होता, पंखा बंद, रेडिओ बंद, आणि स्वयंपाकघरात इतकी शांतता की ब्रशचे केस पावाला घासलेले ऐकू येत होते. छोट्या ओव्हनपाशी काकूंचा वेगळा ट्रेसुद्धा तयार होता.

"आत्ती, काकू तर कुरुंदवाडला माहेरी गेल्यात."

"म्हाईत हाय."

"मग हा ट्रे कुणाला?"

त्यांनी ब्रश पुन्हा लोण्यात बुडवला. मी त्यांचं मनगट धरलं. ते बर्फासारखं गार होतं, समोर भट्टी पेटलेली असूनही. हात माझ्या मुठीतून सुटायला बघत होता, जसं लहान मूल कडेवरून उतरायला बघतं तसं.

"आत्ती, संजू फोन उचलत नाही."

तेव्हा कुठे त्यांची नजर भिंतीवरून निघून माझ्यावर आली. त्यांच्या डोळ्यांत मी प्रथमच भीती बघितली. "लाव," त्या म्हणाल्या. "उचलंपतोर लाव. सोडू नगंस."

मी लावत राहिले. रिंग वाजायची, तुटायची, मी पुन्हा लावायचे. आत्तींचे हात पुन्हा ब्रशकडे गेले होते, पण आता त्या हातांकडे बघत होत्या, परक्या माणसाकडे बघावं तसं. शेवटी पलीकडून संजयचा वैतागलेला आवाज आला, "थांब, बाहेर येतो, आत काही ऐकू येईना." पावलांचा आवाज, मग तो कुणाला तरी म्हणाला, "चला रे, चहा आलाय तर सगळेच चला बाहेर." मग वारा. मग "हां, बोल, काय झालं?" आणि मी काही बोलायच्या आत फोनमधून एक आवाज आला. स्फोट म्हणतात तो असा असतो हे मला माहीत नव्हतं. कुणीतरी पत्र्याचं अख्खं आभाळ आपटावं तसा. मग आरडाओरडा, आणि फोन बंद.

पुढचा वेळ मी कसा काढला ते सांगता येणार नाही. आत्तींनी पुढचे ट्रे भट्टीत सरकवले. मी ओरडले त्यांच्यावर. "बंद करा ते! बंद करा!" त्या फक्त म्हणाल्या, "माणसं येणार हाईत गं. जित्ती माणसं खात्यात. मेलेल्यांसाठी मी एवढं चीज घातलं नसतं." हा विनोद होता की दिलासा, मला आजही कळलेलं नाही. पण मी त्या वाक्याला धरून बसले.

पाव तांबूस झाले तेव्हा खाली टेम्पो थांबला. जिन्यात पुष्कळ पावलं वाजली, पण बोलण्याचा आवाज एकही नाही. दारात संजय उभा होता, भुवया जळालेल्या, चेहरा काजळीनं काळा. त्याच्या मागे त्याच्या पाळीतली माणसं, सगळी तशीच काळी, डोळ्यांचं पांढरं तेवढं दिसत होतं. वितळलेलं लोखंड भट्टी फोडून खालच्या पाण्यात पडलं आणि स्फोट झाला होता. त्याच्या मिनिटभर आधी सगळे तिथेच उभे होते. कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. त्यातले बरेचजण ओडिशाचे, बिहारचे. कंपनी बंद केल्यावर खोलीवर जाऊन एकेकटे बसले असते. "त्यांना तसं सोडवेना," संजय म्हणाला, "म्हणून घेऊन आलो."

आत्तींनी सुरी उचलली आणि कापायला लागल्या. ती माणसं भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि खाऊ लागली. एकजण मात्र हात जोडून म्हणाला, मी मांस खात नाही. आत्तींनी काकूंचा ट्रे त्याच्यापुढे ठेवला. त्याने पहिला घास घेतला आणि ढसाढसा रडायला लागला, आणि मग एकेक करून सगळेच.

सगळे गेल्यावर मी आत्तींसोबत भांडी घासायला थांबले. मी विचारलं, "हे तुम्हाला कसं कळतं?"

"मला कुठं कळतंय? ह्यांना कळतंय." त्यांनी साबणाचे हात वर केले. त्याच हातांनी नळ बंद केला. मग त्या बोलल्या. त्यांचे यजमान गेले ते अचानक, सकाळी चांगले चालते-बोलते. बातमी फुटली आणि घर माणसांनी भरून गेलं, लांबलांबून आलेली, उपाशी, उन्हातान्हाची. घरात दोघांपुरती आमटी होती. "कुणाला घोटभर चहा दिला न्हाई गं मी. ते लई बोलावणारं माणूस. जाताना त्यांच्या दारातनं माणसं रिकामी गेली."

"आत्ती, सुतकात कुणी चूल पेटवतं का? शेजाऱ्यांनी आणायचं असतं."

"ते मला कळतंय की," आत्ती म्हणाल्या. "ह्या हातांना कोण सांगणार?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण मला एवढं कळलं की आम्ही खानदानभर ज्या वासाला घाबरत होतो, त्याला सगळ्यांत जास्त त्याच घाबरत होत्या. आम्हाला निदान फोन तरी लावता यायचे. त्या एकट्या भट्टीसमोर उभ्या राहून, कुणासाठी हे न कळता, पावावर पाव रचत होत्या.

गेल्या वर्षी लेकीने हट्टाने त्यांना कायमचं अमेरिकेला नेलं. पहिल्यासारखं ते गाव नाही. लेकीची नोकरी बदलली, आता नव्या जागी आजूबाजूला कोण राहतं हेही नीट माहीत नाही. दर रविवारी त्यांचा फोन येतो. आवाज आता इतका हळू असतो की मला फोन कानाला दाबून धरावा लागतो. मी एकदा भीत भीत विचारलं, "हात कसे आहेत आत्ती?"

"गप हाईत," त्या म्हणाल्या. "सकाळी ही दोघं कामाला जात्यात, पोरं शाळंला. दिवसभर रस्त्यावर माणूस दिसत न्हाय. हितं कोण जमतंय, म्हणून हातांनी काय करायचं?"

मला वाटलं होतं त्यांना सुटल्यासारखं वाटेल. मी तसं म्हणालेही.

"आज तुझ्याकडं कोण कोण आलतं?" त्यांनी विचारलं.

दूधवाला, मग जैन काकू, त्या दिवशी आलेल्या संजयच्या कामगारांतला ओडिशाचा एकजण त्याच्या नव्या बायकोला घेऊन, आणि दाजी, गुडघ्याच्या तक्रारी घेऊन. मी सांगत गेले. कुणाला चहा दिला, कुणाला पोहे, कोण काय बोललं.

"सांग की," आत्ती म्हणाल्या. "सावकाश सांग. मला काय घाई न्हाय."