अभिमन मिस्तरीने गाडी झोपवली

शिंदखेडा तालुक्यात कुणाच्या विहिरीवरचं इंजिन रुसलं की एकच नाव निघायचं, अभिमन मिस्तरी. पन्नास सालानंतर मोटा सुटत गेल्या, विहिरीविहिरीवर तेलावरची इंजिनं आली, आणि ती चालवणारे सगळे कालपर्यंत बैल हाकणारे. इंजिन बंद पडलं की आधी त्याला नारळ फोडायचे, मग शिव्या द्यायचे, आणि दोन्ही करून झालं की अभिमनला निरोप धाडायचे. हा गडी फटफटीवर बसून यायचा. फटफटी लढाईतली, देवळालीच्या लष्करी लिलावातून आणलेली, आणि आवाज असा की ती शिवारात शिरली की बायका चुलीवर चहा चढवायच्या. ब्रह्मदेशाच्या लढाईत चार वर्षं त्याने लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. तालुक्यात त्याच्या तोडीचा हात नव्हता, आणि हे त्याला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं म्हणा ना!

चोपन्न सालच्या पावसाळ्यात त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि सांगितलं, क्षय आहे, दोन्ही बाजूंना आहे, सॅनेटोरियमला जावं लागेल. किती दिवस, तर वर्ष धरा, पुढचं पुढे. मग त्याच्या बायकोला, मंजुळाबाईला, बाजूला घेऊन बजावलं की घरात तीन वर्षांची पोर आहे, तिला लांब ठेवा, आणि हा ज्याला ज्याला हात लावील ते उकळत्या पाण्याने धूत जा. मंजुळाबाई शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण ऐकलेल्यातलं एक अक्षर सांडणारी बाई नव्हे. त्याच दिवशी तिने सुनंदाला माहेरी धाडलं.

सॅनेटोरियमात खाट रिकामी व्हायला तीन महिने लागले. तीन महिने अभिमनने पोरीचं तोंड पाहिलं नाही. त्याचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, बाज ओसरीच्या पार टोकाला. गावाचं तर बोलूच नका. ज्यांची इंजिनं याने रात्र की दिवस न बघता सुरू करून दिली, तेच लोक याला पाहिलं की गल्ली बदलायचे. मेल्यांना लाज कशी वाटली नाही, देव जाणे. अभिमन बाजेवर पडून आढ्याकडे बघत राहायचा आणि त्याला वाटायचं, आपण अजून मेलो नाही हे या लोकांना सांगावं तरी कसं?

खाट मिळाल्याचं कार्ड आलं तेव्हा तो उठला आणि पहिल्यांदा फटफटीकडे गेला. थोरला भाऊ भिकन म्हणाला, अरे आधी कपडे तरी बांध. गाडी कुणाला तरी देऊन टाकावी असंही त्याने आडून सुचवून पाहिलं. अभिमनला ते झोंबलं. गाडी गेली की आपण गेल्यातच जमा, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. गाडी नीट ठेवून गेलं, तर मागे राहिलेल्यांना रोज ती बघून वाटत राहील की हिचा धनी यायचाय. या घरात आपली जागा कुणीतरी धरून ठेवावी, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते तोंडाने मागायची त्याची छाती नव्हती.

लष्करात त्याला शिकवलं होतं की जास्त दिवस जायचं तर गाडी नुसती उभी करायची नसते, झोपवायची असते. दोन दिवस तो त्याला लागला. टाकीतलं पेट्रोल काढलं, नळीतलं राहिलेलं इंजिन चालवून संपवलं. फट् फट् करत ते बंद पडलं तेव्हा तो तिथेच पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मग इंजिनातलं काळं तेल सोडून नवं भरलं. चाकं जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली बाभळीचे ठोकळे दिले. उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळकांड्याच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला. शेवटी प्लग काढून त्या भोकातून दोन चमचे तेल सोडलं आणि आतून सगळीकडे फिरावं म्हणून किक मारली. तिसऱ्या किकेला खोकल्याची उबळ आली. भिंतीला धरून उभा राहिला तरी थांबेना.

गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस चोपडायचं ते त्याने फडक्याने नाही, उघड्या पंजाने चोपडलं. कोरडी राहिलेली जागा फडक्याला कळत नाही, तळहाताला कळते, हे त्याचं नेहमीचं म्हणणं. हँडल, टाकी, चाकांचे आरे, साखळीचा एकेक दुवा, कुठे म्हणून बोट फिरायचं राहिलं नाही. वरून गोणपाट घातलं आणि भिकनला सांगितलं, "दर महिनाले एकदाव किक मारजो, भाऊ. इंजिन आखडाले नको." भिकनने मान डोलावली. त्याचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते, गाडीपासून लांब.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. मंजुळाबाईने लांबूनच नमस्कार केला. भिकन ट्रंक घेऊन पुढे चालत होता. एसटीचा फाटा दहा मिनिटांवर. तिथे पोचल्यावर अभिमनने तिकिटाच्या पैशांसाठी खिशात हात घातला तर हाताला प्लग लागला. खोकल्याच्या भरात तो परत बसवायचा राहिला होता! तालुक्याचा मिस्तरी, आणि इंजिनाचं भोक उघडं ठेवून निघाला. वर्षभराची धूळ आत गेली असती. एसटीला अर्धा तास होता. भिकन नको नको म्हणत असताना तो उलट्या पावली घराकडे निघाला.

दारातच त्याचे पाय थांबले. अंगण ओलंचिंब होतं. त्याची बाज, घोंगडी, ताट, तांब्या, सगळं बाहेर काढलेलं, त्यावर उकळतं पाणी आणि गोमूत्र ओतलेलं. आमच्याकडे घरातलं माणूस गावाला निघालं की ते मुक्कामी पोचेपर्यंत मागे केरसुणी फिरवत नाहीत, सारवत नाहीत, पाणी ओतत नाहीत. माणूस बाहेर पडल्या पडल्या मागे घर धुतात ते एकदाच, प्रेत उचलल्यावर. हे गावातल्या लहान पोरालाही कळतं. मंजुळाबाईलाही कळत होतं. ती हंडा उचलत होती, ओतत होती आणि तोंडात पदराचा बोळा घालून रडत होती.

गाडीवरचं गोणपाट काढून बाजूला टाकलं होतं. मागचं अर्धं चाक धुऊन झालं होतं, ग्रीस ओघळून खाली चिखलात मिसळलं होतं. अभिमनला ओरडावंसं वाटलं. अगं बये, लोखंडाला कुठला आलाय क्षय, असं म्हणावंसं वाटलं. दोन दिवसांचं काम, वर्षभराची आशा, सगळं तिने एका हंड्यात घालवलं होतं.

तिने त्याला पाहिलं. हातातला हंडा खाली ठेवला, पण जवळ आली नाही.

"सांजले सुनंदा यी राहिनी," ती म्हणाली. आजा तिला बैलगाडीत घेऊन निघालाही होता.

अभिमनला पोर आठवली, आणि त्याच्या ध्यानात आलं की तिचा आवाज नेमका कसा आहे हे त्याला आता सांगता येणार नाही.

मंजुळाबाईने डोळे पुसले. गाडीकडे एकदा पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि अगदी हळू विचारलं, "तुमना हात कोठे कोठे लागेल शे?"

"बठ्ठीकडे," सगळ्या गाडीकडे हात करत अभिमन म्हणाला. "बठ्ठी धोई काढ."

त्याने प्लग तिच्या हातात दिला नाही. अंगणातल्या चुलीवर दुसरा हंडा उकळत होता, त्यात सोडला. मंजुळाबाईने पाणी घेतलं आणि आधी टाकीवर ओतलं, कारण सुनंदा आली की धावत जाऊन तिथेच बसायची. भिकन गल्लीच्या तोंडाशी येऊन हाका मारायला लागला होता, एसटीची वेळ होत आली होती. अभिमन निघाला, आणि या खेपेला त्याच्याच सांगण्यावरून ती मागे धूत राहिली.