बाबांच्या दारातले चाहते

ग्वाल्हेर स्टेशनवर गाडी हलली तरी बाबा डब्याबरोबर चालत माझ्याशी वाद घालतच होते. "गाणाऱ्यांचा अभ्यास कर म्हटलं, तर तू ऐकणाऱ्यांचा करून राहिली आहेस! तोही असली पोरकट गाणी ऐकणाऱ्यांचा!" मागून आई म्हणाली, "अहो, आता तरी जाऊ द्या तिला." मी हसून हात हलवला.

इंग्लंडमधल्या विद्यापीठात माझा विषय होता एका तरुण हिंदी पॉप गायकाचे चाहते. त्याच्या वाढदिवसाला ते रक्तदान करतात, त्याच्यासाठी सख्ख्या मित्राशी भांडतात, हे सगळं का, ते मला समजून घ्यायचं होतं. मी कोण, कशासाठी आले, हे सांगूनच त्यांच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरले. तिथे सोनल भेटली. आमच्याच ग्वाल्हेरची, दाल बाजारातल्या दुकानदाराची कॉलेजात जाणारी मुलगी. ती म्हणायची, "ताई, घरी मला कोणी विचारत नाही. इथे एक दिवस गायब झाले, तो सब परेशान."

संशोधनाच्या नियमाप्रमाणे मी लेखनात प्रत्येकाचं नाव, गाव बदललं होतं. माझं पूर्ण नाव-गाव मात्र विद्यापीठाच्या वेबसाइटवर उघडं होतं.

एका परिसंवादात मी म्हणाले, की हे प्रेम कधीकधी पहारा होऊन बसतं. गायकाला कुणी नावं ठेवली की सगळे त्या टीका करणाऱ्यामागे लागतात. कोणीतरी व्हिडिओतला तेवढाच तुकडा कापून पसरवला. आधी शिव्या आल्या, मग धमक्या. सुरुवातीला मी त्याही अभ्यासाचा मजकूर म्हणून जपून ठेवल्या. मग एक फोटो आला. ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातलं आमचं घर, बाबांच्या नावाची पाटी, वर वाळत घातलेली आईची साडी. खाली लिहिलं होतं, "मैडम, हम पहुँच गए."

आईने फोन उचलला तो कुजबुजतच. "बाहेर मुलं जमून राहिली आहेत ग. स्पीकर लावलाय, तुझं नाव घेऊन ओरडतायत. बाबांना मी दार उघडू देत नाहीये." मग काच फुटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

माझ्या खिडकीखाली लोक निवांतपणे कुत्री फिरवत होते. इतक्या लांबून हाक तरी कुणाला मारणार? मी सोनलला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "ताई, मी जाते."

ती गेली आणि आमच्या दारासमोर उभी राहिली. "अंकल-आंटीने क्या बिगाड़ा है तुम्हारा?" असं तिने त्यांनाच विचारलं. ती ग्रुपमधली जुनी मेंबर म्हणून ते थोडे बिचकले. शेजारीही बाहेर आले, आणि मुलं पांगली. पण कोणीतरी तिचा व्हिडिओ काढला होता. त्याच दिवशी तिला ग्रुपमधून काढलं आणि तिचा नंबर सगळीकडे पसरवला.

बाबांनी नवी काच बसवली आणि नावाची पाटी स्वतःच उतरवली. सोनलने नंबर बदलला. तिचा शेवटचा मेसेज होता, "ताई, गाणी अजून आवडतात. पण लावायला भीती वाटते." माझ्या मार्गदर्शक बाई म्हणतात, प्रबंधात यावर एक चांगलं प्रकरण होईल. मला ते अजून लिहिता आलेलं नाही.

या हिवाळ्यात मी घरी गेले. महाराज बाड्याच्या चौकात एका मोबाइलच्या दुकानात त्या गायकाचंच गाणं वाजत होतं. मी स्कार्फ तोंडावर ओढून भराभर पुढे निघाले. आमचं दार वाजवलं. आतली पावलं जवळ येऊन थांबली. घरात कधी मराठीशिवाय न बोलणाऱ्या आईने विचारलं, "कौन?"

"आई, मी."

"मी कोण?"

मी पूर्ण नाव सांगितलं, तेव्हा कडी निघाली.

माझ्यासारख्या लांब गेलेल्यांनो, तुमची घरं तुम्हाला आत कशी घेतात, मला माहीत नाही. मी पूर्वी गल्लीतूनच हाक मारत थेट स्वयंपाकघरात शिरायचे. आता माझं घर मला आतून नाव विचारतं. आणि खरं सांगू? आईने विचारलं, दुसऱ्यांदाही विचारलं, याचंच मला त्या उंबऱ्याबाहेर बरं वाटलं.