पांढऱ्या मातीचं पोतं

चुडाव्याच्या स्टेशनावरून निघालो तेव्हा माझ्याकडे कपड्यांची पिशवी होती आणि पांढऱ्या मातीचं एक पोतं. हैदराबादेत एका संग्रहालयात पहारेकरी म्हणून लागून वर्ष झालं होतं, सुट्टी संपवून परत चाललो होतो. "तितल्या लोकायकडं माती न्हाई का रे?" म्हणत माय हसायली होती, पण आबांनी स्वतः पोतं डब्यात चढवलं. गावाकडच्या गड्यांनो, तुम्हीही हसाल. पण पावसाळ्याआधी माळवदावर ही माती पसरली नाही तर घरात पातेली मांडत फिरावं लागतं, हे तुम्हाला काय सांगायचं?

आमचं संग्रहालय म्हणजे निजामाच्या काळातली कोठी. दोन हात जाड भिंती, कमानींचा व्हरांडा, चुन्यातली वेलबुट्टी आणि वर सपाट छत. पुढे तिथे कचेरी भरली, मग संग्रहालय झालं. आपला परभणी जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात, त्यामुळे असेल, पण मला ती इमारत कधी परकी वाटली नाही. फक्त पोथ्यांच्या दालनात छत ठिबकायचं, आणि ते माझ्याच्यानं बघवत नव्हतं.

अवकाळी पाऊस पडून गेल्यावर एका सकाळी मी वर चढलो, गळक्या जागी पोतं रिकामं केलं आणि माती मस्त चोपून बसवली. दुपारी जतनाचं काम बघणाऱ्या मॅडम आल्या. "ये क्या कर डाले भाई? संरक्षित इमारत है, यहाँ बगैर इजाजत खीला भी नहीं ठोकते!" मग त्यांनीच समजावलं. माळवद मातीचंच, त्याला माती चालते. हे छत चुन्याचं, ओल धरणारी माती वर बसली की खालचा चुना सुटतो. नोकरी गेली असं धरूनच मी माती खरवडायला बसलो. आबांना काय तोंड दाखवणार होतो?

माती निघाली तशा मॅडम वाकल्या. खाली केसाएवढी भेग होती. एवढ्या मोठ्या छतावर नेमकी हीच जागा कशी सापडली, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, अनवाणी चाललो. पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी पाणी मुरतं तिथे तळपायाला गार लागतं, आमचे आबा असंच बघतात.

त्यांनी मला लेखी ताकीद दिली आणि नोकरी ठेवली. वर दरसाल पावसाळ्याआधी छत फिरून खडूने खुणा करायचं कामही दिलं. भेगा गवंडी भरतात, चुन्यानेच.

गावाकडच्या घरावर आता माळवद जाऊन स्लॅब आलाय. यंदा आबांना इकडे आणलं, मॅडमची परवानगी काढून छतावर नेलं आणि माझ्या खुणा ऐटीत दाखवल्या. आबांनी चपला काढल्या. सावकाश चालत ते एका कोपऱ्यात थांबले.

"झोपीत फिरलास का रं? हितं तर लय गार लागायलंय."

मी पाय ठेवून बघितला. खरंच गार होतं. भेगा भरायला आलेल्या गवंड्यांदेखत बोलणी खाल्ली, तरी तिथे खडूने गोल काढताना मला हसू आवरेना. घर कुठलं असं कुणी विचारलं, की हल्ली मी दोन सांगतो. परक्याच्या छपरापायी आबा मला कधीच बोलले नसते.