मापट्याखालची बशी

तुमच्या सदरातले गूढ अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि वर हसायचो. मी कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर... मायक्रोमीटरवर दिसेल तेवढंच खरं, बाकी सगळी बोलाफुलाला गाठ. आज त्याच सदरासाठी लिहायला बसलोय, कारण आठ वर्षं झाली, हे कोणाला सांगितलेलं नाही.

साल १९८८. कळवा, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, दुसरा मजला, वन रूम किचन. सुमन, माझी बायको, त्या वर्षी होळीनंतर गेली. मूलबाळ नाही. जेवण खानावळीत सुरू केलं, घरात गॅस फक्त चहापुरता. तांदळाचा डबा धुऊन पालथा घातला.

तिची एक मनीप्लांटची वेल होती, काचेच्या बाटलीत. मे महिन्यात ती बाटली माझ्याच हातून फुटली. कुंडी आणायला कोण जातंय — समोर तिचं पितळी मापटं रिकामं होतं. लग्नात हेच तांदळाचं माप पायाने लवंडून ती घरात आली, आणि पुढे सव्वीस वर्षं रोजचे तांदूळ त्यानेच मोजले. मी हँड ड्रिलने बुडाला भोक पाडलं, माती भरली, वेल लावली, खाली बशी ठेवली. ओट्यावर, खिडकीशी.

शेजारच्या कमलताईंनी ते पाहिलं.

"भाऊ, मापाला भोक पाडलंत? अहो, सुमनताईंचं माप ते."

"मग काय झालं? आता तांदूळ कोण मोजणारे?"

त्या पदर सावरत आपल्या दाराकडे वळल्या.

आठवड्याने फर्स्ट शिफ्ट करून चारला घरी आलो, तर बशीत पाणी. पांढरट. मी पाणी घातलंच नव्हतं... खरं तर रोजच विसरायचो. बोट बुडवून वास घेतला. तांदळाचं धुवण. सुमन वेलीला रोज तेच घालायची.

घरात तांदळाचा दाणा नव्हता!

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. एक किल्ली कमलताईंकडे असायची, म्हणून विचारलं. "तुम्ही घरात नसताना मी कशाला येऊ, भाऊ?" म्हणत त्यांनी किल्लीच परत दिली. मी नवं कुलूप आणलं. खिडकीच्या कडीला दोरा बांधला. चारला आलो तर दोरा जसाच्या तसा, आणि बशीत धुवण. फक्त रविवारी, मी घरी असलो की, बशी कोरडी.

मला भीती वाटली नाही. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं. शिफ्ट सुटली की चहाला न थांबता घरी पळायचो. कुणीतरी आत्ताच हातातलं काम आटपून बाजूला झालंय असं वाटायचं. पावसाळाभर हे चाललं. वेलीला नवी पानं आली.

गणपतीच्या आदल्या रविवारी मनात आलं, हिला अजून किती दिवस राबवायचं? किलोभर तांदूळ आणले. माप नव्हतंच, मुठीने घेतले. धुतले, धुवण वेलीला घातलं. भात खाली करपला, वर कच्चा राहिला, तरी सगळा खाल्ला. मार्चनंतर पहिल्यांदाच घरात पोटभर जेवलो. खिडकीकडे बघून म्हणालोही, "जमतंय बघ मला."

सोमवारी चारला बशी कोरडी. मंगळवारीही. त्यानंतर बशीत धुवण कधीच आलं नाही.

परत धुवण येतं का, म्हणून मी पुन्हा खानावळीत जाऊन बघितलं. दोन आठवडे घरात तांदूळ धुतला नाही, वेलीला थेंब दिला नाही. तिने मान टाकली तेव्हा मलाच राहवलं नाही.

ते पाणी कुठून यायचं, मला आजही सांगता येत नाही. आता रिटायर झालोय. वेल खिडकीवरून दारापर्यंत पोचलीय, भातही बरा होतो. रोज एक मूठ तांदूळ धुतो आणि दर वेळी वाटतं — त्या रविवारी "जमत नाही गं" म्हणायला हवं होतं.